बांधावरचा टायर

केतनने आबांच्या सायकलसाठी मोटर आणि बॅटरी जमवली होती. चाकं मात्र मीच निवडणार, असा आबांचा हट्ट. पाय मोडल्यापासून ते अंगणाबाहेर पडले नव्हते, म्हणून केतन त्यांना मुर्धा गावातून रिक्षात घालून भाईंदरच्या दुकानात घेऊन आला.

दुकानदाराने बारीक टायर काढला. आबांनी त्याला हातसुद्धा लावला नाही.

“मिठागराच्या बांधावर चिखल हाय. ह्यो रुतंल. जाड दे. आनि रिम लोखंडाची नको, खाऱ्या वाऱ्यानं सडते.”

“रास्ता इतना खराब है क्या?” दुकानदाराने केतनला विचारलं.

बांध कधीच भरावाखाली गेला होता. तिथे आता गुळगुळीत सिमेंटचा रस्ता होता आणि पुढे बिल्डरचं कुलूपबंद फाटक. आबांना हे सांगायची घरात एकाचीही छाती झाली नव्हती. सगळ्यांनी ते केतनवरच ढकललं होतं.

आबा जाड टायर अंगठ्याने दाबून बघत होते. किती दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू होतं.

“आता रोज सकाळी जाईन,” ते म्हणाले.

केतनने दुकानदाराकडे पाहिलं.

“हां भाई,” केतन म्हणाला, “बहुत कीचड है.”