सोमवारी ओरेस्टला कोण नेणार

आमच्या गावातल्या पुरुषांना कुणी आळशी म्हटलं, तर मी आधी त्याच्याशीच भांडेन. ते आळशी नाहीत. तेच तर माझ्या डोक्यात जातं.

गेल्या सप्टेंबरात ओरेस्ट हनाट्युकच्या किडन्या निकामी झाल्या, तेव्हा त्याचा गहू शेतात उभा होता. कुणी हाक मारली नाही, कुणी सभा घेतली नाही. शनिवारी सकाळी गावातले दहा-बारा हार्वेस्टर त्याच्या शेतात उतरले आणि दिवेलागणीच्या आत सगळं रान मोकळं. आमच्याकडे, कॅनडातल्या सास्कॅचेवनात, ही रीतच आहे. शेजारी आडवा झाला की त्याचं पीक गाव काढतं. वर्तमानपत्रात फोटो आला, सगळे हाताची घडी घालून आपापल्या यंत्रापुढे उभे. दिवसभर त्यांना जेवण पोचवणाऱ्या आम्ही बायका त्या फोटोत नव्हतो, पण तो राग वेगळा.

पीक एका शनिवारात निघतं. डायलिसिस निघत नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार, अडीच तासांवरच्या सास्काटून शहरात जायचं, चार तास तिथे बसायचं आणि परत यायचं. सबंध दिवस जातो. ओरेस्टची नजर गेलेली, त्यामुळे गाडी चालवणं बंद. बायको वारली, मुलगी तिकडे व्हँकूव्हरला. त्याला नेणाऱ्या आम्ही तिघी होतो: मी, व्हर्ना आणि पोस्टातली जोआन. फेब्रुवारीत व्हर्ना बर्फावरून घसरली आणि मनगट मोडून बसली. जोआनची रजा संपली. मग मी एकटीच ओढत राहिले, पाठीला पट्टा बांधून.

एका बुधवारी परत येताना ओरेस्ट म्हणाला, "मर्ना, मी हे थांबवतो आता."

"थांबवलंत तर मराल."

"हो. डॉक्टरला विचारलं मी. आठ-दहा दिवस लागतात म्हणाला, फारसा त्रास होत नाही. तुझी पाठ तरी वाचेल."

हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं बोलला. मी त्याला घरी सोडलं आणि तशीच गावातल्या स्केटिंगच्या रिंकवर गेले. तिथे कॉफीच्या टेबलावर आमचे पुरुष रोज सकाळ-दुपार बसतात. सगळे शेतकरी, आणि हिवाळ्यात शेतकऱ्याला काय काम असतं? दारात पिकअप गाड्या उभ्या, इंजिनं गरम.

"ओरेस्टला न्यायला माणूस हवाय," मी म्हटलं.

"नोटीस लाव ना," रस्टी म्हणाला.

"नोव्हेंबरपासून तुझ्या डोक्यावरच लावलीय. वर बघ."

त्यानं वर पाहिलं. "ती होय? मला वाटलं तुम्हा बायकांचं काहीतरी आहे."

"तुम्हालाच जमतं गं असलं," डेल्मर म्हणाला. "आजारी माणसाशी बोलायचं काय? तिथे चार तास करायचं काय?"

"इथे काय करतोस?"

सगळे हसले. डेल्मरही हसला. मला मात्र तो कॉफीचा जग उचलून भिंतीवर फोडावासा वाटला. यांच्यातल्या एकेकाला ओरेस्टनं याच रिंकवर हाताला धरून स्केटिंग शिकवलं होतं. बिघडलेलं काही दाखवा, धावत येतील. नुसतं शेजारी बसायचं म्हटलं की यांचे पाय मोडतात.

शुक्रवारी सकाळी मी ओरेस्टला गाडीत घातलं. "शेवटचं," तो म्हणाला. मी गाडी रिंकवर नेली, त्याला धरून आत आणलं आणि टेबलाशी खुर्चीत बसवलं.

"साडेदहाला याला यंत्रावर घेणार आहेत," मी सगळ्यांना सांगितलं. "मी नेणार नाही. आज नाही, पुढेही नाही. तुमच्यातलं कोण नेणार ते तुम्ही ठरवा."

ओरेस्टचा चेहरा लाल झाला. "मर्ना, मला घरी सोड. भीक मागायला आणलंस का मला?" हे बरोबर नव्हतं, मला कळत होतं. पण मी हलले नाही.

डेल्मर चिडला. "ही काय पद्धत झाली? ओरेस्ट, तुम्हीच सांगा, आम्ही तुमचं पीक काढलं की नाही?"

"काढलंत," ओरेस्ट म्हणाला. "मी दिवसभर खिडकीत बसून बघत होतो. घरात कुणी आलं नाही."

तक्रारीचा सूर नव्हता त्यात. शेवटी डेल्मर उठला, खिशात किल्ल्या चाचपल्या आणि ओरेस्टच्या दंडाला धरलं.

शनिवारी मी रिंकवर गेले, तर डेल्मरचा सत्कारच चाललेला. कुणाच्या तरी बायकोनं त्याच्यासाठी सफरचंद भरून भाजलेला ॲपल-पाय पाठवला होता. रस्टी त्याच्या पाठीवर थाप मारत होता. एक फेरी! आम्ही तिघींनी अख्खा हिवाळा त्या रस्त्यावर घालवला, आम्हाला कुणी साधं बिस्कीट विचारलं नव्हतं.

डेल्मरनं मात्र त्या ॲपल-पायला हात लावला नव्हता. "त्याला थंडी वाजते," तो म्हणाला. "रक्त बाहेर फिरतं ना, चार तास कुडकुडतो माणूस. मी पांघरूण धरून बसलो होतो. बोललो काहीच नाही." मग मान वर न करता म्हणाला, "घरी सोडताना त्यानंच विचारलं, पुन्हा येशील का. बुधवार, शुक्रवार मी. रस्टी, सोमवार तुझा."

"बरं," रस्टी म्हणाला.

बरं! मी किती वेळा हात जोडले होते, आणि यानं चार शब्द टाकले की झालं. बाईनं मागितलं की ते बायकांचं काहीतरी असतं, पुरुषानं सांगितलं की ते काम होतं. वर रस्टी माझ्याकडे वळून म्हणाला, "इतकं अडलं होतं, तर आधी सांगायचंस ना गं."

जिभेवर आलं होतं ते सगळं बोलले असते, तर सोमवार गेला असता आणि ओरेस्टही. म्हणून गिळलं.

"सातला त्याच्याकडे पोच," मी म्हटलं. "बाहेरून हॉर्न वाजवत बसू नकोस. आत जा. त्याला वाकता येत नाही, बूट तुला घालावे लागतील."