पहिला घास सुलूचा

“परत विचारा बाई, मी परत तेच सांगणार,” सुगंधा म्हणाली. “सकाळी चहा-चपाती. दुपारी अर्धी भाकरी न् वाटीभर भात. रात्रीला पण तेवढंच. त्याच्या वर माझी पोरगी काय खात नाय.”

डॉक्टर दुर्गा कारखानीस चुलीपाशी पाटावर बसल्या होत्या. धुराने डोळ्यांना पाणी आलं होतं, तरी त्या उठायला तयार नव्हत्या.

“मग एवढं वजन येतं कुठून, सुगंधाबाई?”

“ते तुम्ही शोधायचं. त्यासाठीच आलाय ना?”

आल्या होत्या त्यासाठीच. मुंबईच्या एका इस्पितळातून त्या भाईंदरला यायच्या, शाळेच्या पडवीत वजनकाटा मांडायच्या आणि लहान मुलं लठ्ठ का होतात, ते कसं टाळता येईल, याचा छडा लावायचा प्रयत्न करायच्या. साल त्र्याहत्तरचं, म्हणजे दुष्काळाचं. रेशनला लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली जाडीभरडी ज्वारी, मिळत होती, आणि ही बाई जाडी पोरं शोधत फिरते म्हटल्यावर लोकांना करमणूकच झाली होती. इस्पितळातले मोठे डॉक्टरही त्यांची टर उडवायचे. गावातल्या एका पुढाऱ्याने तोंडावरच विचारलं होतं, “बाई, लोकांना खायला नाय, न् तुम्ही हे काय घेऊन बसलात?” त्यावर त्या एवढंच म्हणाल्या होत्या, “जाडं मूलही आजारीच असतं. फक्त त्याला कुणी डॉक्टरकडे नेत नाही.”

हे वाक्य सुगंधाने ऐकलं होतं, आणि तेव्हापासून तिची झोप उडाली होती.

सुलू नऊ वर्षांची. काट्यावर उभी राहिली की काटा चांगल्या वयात आलेल्या मुलीचं वजन दाखवायचा. शाळेत खो-खो सुरू झाला की सुलू भिंतीपाशी बसून सगळ्यांच्या चपला राखायची. स्टेशनचा पूल चढताना मध्येच थांबायची आणि आपण गाडी बघतोय असं दाखवायची. आईला ते कळत नव्हतं असं नाही. पण सुलूच्या आधीचा मुलगा जुलाबांनी गेला होता. शेवटी शेवटी त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. म्हणून सुलूचे गाल भरायला लागले तेव्हा सुगंधाने मनातल्या मनात देवाला हात जोडले होते. भरलेलं पोर जगतं, एवढीच तिची समजूत होती.

त्यात तिची खाणावळ. तिचा नवरा लवू कारखान्यात रात्रपाळी करायचा आणि ही दोन वेळा पंगत वाढायची. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांत काम करणारे, रत्नागिरीकडचे, बायकामुलं गावी ठेवून आलेले लोक तिच्याकडे जेवायचे. घरचं पोर असं गुटगुटीत असल्यावर खाणावळीला पाटी कशाला हवी? अशा बाईला जेवणाच्या बाबतीत कुणी खोटं ठरवावं, हे तिला फार लागलं.

“तुमचा विश्वास नसेल तर उद्या जेवायला या,” ती म्हणाली. “पंगतीत बसा न् स्वतःच्या डोळ्यांनी बघा.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई खरंच आल्या. पडवीत पाट मांडले होते. कारखान्याचा भोंगा झाला आणि हातपाय धुऊन माणसं ओळीने बसली. त्यांच्यात एक मुंबईची बाई बघून सगळे इतके सभ्य झाले की मोठ्याने बोलायचेही थांबले.

पंगतीला वाढायच्या आधी सुलूचं ताट कोपऱ्यात वाढलं होतं. अर्धी भाकरी, वाटीभर भात, थोडी आमटी. बाईंनी नीट निरखून पाहिलं. सुलूने तेवढंच खाल्लं, ताट धुऊन पालथं घातलं. सुगंधा उलथनं हातात धरून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर सरळ लिहिलं होतं, आता बोला.

बाईंनी मान हलवली. हरल्याच त्या.

मग पंगतीला वाढून झालं आणि सुलू नेहमीसारखी पंगतीतून फिरायला लागली. टोकाला बाबाजी बसायचे. भांड्यांचा पत्रा दाबायच्या प्रेसवर आयुष्य काढलेला, करवंदाच्या जाळीसारख्या भुवयांचा हा माणूस. त्यांची चारही मुलं गावी, त्यांच्या माघारी मोठी झालेली. सुलू रांगती असताना एकदा ती त्यांच्या ताटापाशी आली आणि त्यांनी पहिला घास तिच्या तोंडात घातला. “पोरं समोर नसली की पहिला घास गळ्याखाली उतरत नाय, वहिनी,” असं ते त्या दिवशी म्हणाले होते. तेव्हापासून तो रिवाज पडला. बाबाजींचं बघून सगळे द्यायला लागले. नवा माणूस खाणावळीत लागला की बाकीचे त्याला आधी हेच शिकवायचे, पहिला घास सुलूचा.

बाबाजींनी भाकरीत सुकटीचा गोळा धरून दिला. शेजारच्या रामूने भात तेलात कालवून दिला. त्याच्या पलीकडच्याने गावाहून आलेला खोबऱ्याचा लाडू अर्धा मोडला. सुलू पुढे पुढे सरकत बाईंच्या समोर येऊन उभी राहिली आणि काही न मागता नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. बाईंनी भाताचा छानसा घास केला, त्यावर बोंबलाचा तुकडा ठेवला आणि तिच्या तोंडात घातला.

हात परत ताटाकडे येता येता मध्येच थांबला.

“सुगंधाबाई, हा कितवा?”

“कितवा काय?”

“घास.”

“घास थोडाच जेवणात धरतात, बाई?” सुगंधा म्हणाली, आणि आपलंच बोलणं तिच्या कानांवर पडलं. तिने पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग रात्रीची पंगत तिच्या डोळ्यांसमोर आली.

डॉक्टरीणबाई हसायला लागल्या, आणि इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. “इतके महिने मी पोरांची ताटं बघत बसले,” त्या म्हणाल्या, “आणि आज मीच भरवला.”

रोग सापडला, पण औषध अवघड होतं. बाई म्हणाल्या, हे घास बंद करायचे, बस्. सुगंधा म्हणाली, “मग तुम्हीच सांगा त्यांना.” बाईंनी बाबाजींच्या ताटाकडे पाहिलं आणि आपलं ताट धुवायला उचललं. शेवटी ते काम सुगंधाच्याच गळ्यात आलं. दुसऱ्या दिवशी वाढता वाढता तिने सांगून टाकलं, “उद्यापासून सुलूला कुणी घास द्यायचा नाय. तिच्या तब्येतीला बरं नाय ते.”

बाबाजी अर्ध्या जेवणावरून उठले आणि त्यांनी हात धुतले.

“माझा घास पोरीला बाधला, वहिनी?” त्यांनी विचारलं. उत्तराची वाट न बघता ते निघून गेले. त्या रात्री आले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. त्यांच्या मागोमाग आणखी दोघं यायचे बंद झाले.

“खाणावळ बसेल आपली,” लवू म्हणाला.

“बसू दे,” सुगंधा म्हणाली. पण बाबाजींचा पाट तिने उचलून भिंतीला लावला तेव्हा तिला रडूच आलं.

संध्याकाळी ती तडक कारखान्याच्या फाटकावर गेली. बाबाजी बाहेर आले आणि तिला बघून जागीच उभे राहिले.

“काका, माझं एक पोर हातातून गेलंय,” ती म्हणाली. “ते सुकून गेलं, म्हणून मी हिला भरवत सुटले. हिला पूल चढवत नाय आता. मधे थांबून छाती धरते. हीपण गेली तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू? तुमची पोर समजता ना तिला? मग तुम्ही रुसून कसं चालेल?”

बाबाजींनी आपले काळे झालेले तळवे पुढे केले.

“समजलं सगळं,” ते म्हणाले. “पण मग मी देऊ काय तिला? माझ्याकडं दुसरं काय हाय?”

त्या म्हाताऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवणं तिच्या जिवावर आलं, आणि तोंडातून निघून गेलं, “द्या की घास. पण एकच. न् तिला पकडून द्या.”

असा तो खेळ सुरू झाला. भोंगा झाला की सुलू अंगणात उभी. घास हातात धरून कुणीही तिच्या मागे धावायचं. जो आधी पकडेल त्याचा एक घास, बाकीच्यांनी मुकाट्याने आपलं जेवायचं. पहिल्या दिवशी सुलू चार पावलं पळाली आणि धापा टाकत हसत खाली बसली. बाबाजींनी जिंकल्याच्या थाटात तिला भरवलं. अंगण चाळीच्या मालकिणीचं, जिजाबाईचं; मिठागरवाल्यांच्या जुन्या घरातली ती बाई. ती दारातून ओरडायची, “आरं माझं बोंबील तुडवू नका रं! याड लागलाय का तुमाला?” पण बघायला रोज उभी असायची, आणि हळूहळू तिने वाळवणाचा मांडव स्वतःच मागे सरकवून घेतला.

पावसाळा गेला. सुलू अंगणाला एक फेरी घालायला लागली. मग विहिरीला वळसा घालून हूल द्यायला शिकली. बाबाजी मागे पडले, बाकीचेही पडले. फक्त रामू तिला पकडायचा, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत रामूही हात टेकून बसला. डॉक्टरीणबाई काटा घेऊन यायच्या. वजन एका जागी थांबलं होतं आणि उंची वाढत चालली होती. बाई म्हणाल्या, असंच व्हायला हवं होतं. शाळेत खो-खोच्या वेळी चपला राखायला आता दुसरं कुणी शोधावं लागायचं.

बाईंनी सगळ्या घरांत नव्याने चौकशी केली. पोर काय खातं, हे विचारणं सोडून त्या विचारायला लागल्या, पोर कुणाकुणाच्या हातचं खातं? मग कुठे आजोबांच्या खिशातला पेढा निघाला, कुठे दुकानदार काकांनी दिलेली शेंगदाण्यांची मूठ. इस्पितळात मोठी सभा भरली तेव्हा टर उडवणाऱ्या डॉक्टरांपुढे त्यांनी भाईंदरची ही पंगत सांगितली. कुणी हसलं नाही. उलट, पुन्हा सांगा म्हणाले. त्या आनंदात त्या तशाच उठून भाईंदरला आल्या आणि शाळेत आयांना गोळा करून म्हणाल्या, “पुढचं सुगंधाबाई सांगतील.” सुगंधा उभी राहिली, पदर सावरला आणि बोलली, “बायांनो, प्रेम करा. पण घास जेवणात धरा.” आयांनी टाळ्या वाजवल्या. असा दिवस आपल्या नशिबात असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. घरी येईपर्यंत तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

शहात्तर साली बाबाजी कामावरून निवृत्त झाले. ट्रंक बांधून झाली होती, संध्याकाळी ते कायमचे गावी निघणार होते. दुपारी शेवटचे जेवायला बसले. भाकरी मोडली, सुकटीचा गोळा धरला आणि उठले.

“आज सोडणार नाय हां, सुलग्या.”

बारा वर्षांची सुलू अंगणात उतरली. पंगत जेवायची थांबली. बाबाजी धावले, सुलूने हूल दिली. ते विहिरीपाशी पोचले तर ती मांडवापाशी, ते मांडवापाशी पोचले तर ती दाराशी. दोन फेऱ्यांत म्हातारा थकला. जिजाबाईच्या मांडवाचा बांबू धरून उभा राहिला, दुसऱ्या हातात घास तसाच.

“थांब की गो एकदा,” रामू हळूच म्हणाला.

सुलू थांबली नाही. चालत चालत परत आली, बाबाजींचं मनगट धरलं आणि त्यांना पाटावर आणून बसवलं. मग त्यांच्या हातातला घास स्वतःच्या हातात घेतला आणि त्यांच्या तोंडात घातला.

बाबाजी चावत राहिले. डोळे पुसायला त्यांच्याकडे मोकळा हात होता, पण त्यांनी तो वर नेला नाही.

“हरलो, वहिनी,” ते म्हणाले. मग घास गिळून म्हणाले, “पहिला घास असा लागतो होय.”

सुगंधाने तव्यावरची भाकरी उचलली आणि न विचारता त्यांच्या ताटात वाढली. एरवी ते जास्तीच्या भाकरीला हात आडवा करायचे; आज त्यांनी नको म्हटलं नाही.