ओकबुनसाठी दोन नमस्कार

२००९ साली, घरोघरी हिवाळ्याची किमची घालायची गडबड चालू असताना, ओकबुन कोरियातल्या मोकपो शहरात वारली. आयुष्यभर तिनं दुसऱ्याची सोय कधी पाहिली नव्हती, मरतानाही पाहिली नाही. तिची शाळेपासूनची मैत्रीण जॉमसुक, तिच्या न्हाणीघरात मीठ लावलेल्या कोबीचा ढीग तसाच राहिला आणि जॉमसुकला बस पकडावी लागली.

दोघी मुलींच्या शाळेत एका बाकावर बसत आणि १९६० साली एकाच व्हॉलीबॉल संघात खेळल्या. तेव्हा संघ नऊ जणींचा असे. जॉमसुक उंच, ती जाळीवरून चेंडू हाणायची. ओकबुन बुटकी, ती चेंडू उचलून द्यायची आणि फावल्या वेळात जाळीपलीकडच्या पोरींना शिव्या घालायची, त्याही इतक्या हळू की पंचाला वाटे, पोरगी देवाचं नाव घेतेय. प्रांताच्या अंतिम सामन्यात शेवटच्या गुणाला तिनं समोरच्या पोरीला फक्त एवढंच सांगितलं, "अगं, तुझ्या चड्डीचं इलॅस्टिक तुटलंय." पोरगी खाली बघते तोवर चेंडू तिच्या पायाशी. शाळेनं ती ढाल काचेच्या कपाटात ठेवली आणि खाली पाटी लावली : शिस्त आणि खिलाडूवृत्ती.

पुढं नऊ जणींतल्या सहा जणी एकेक करून गेल्या. प्रत्येकीच्या वेळी ओकबुन हजर. फोटोसमोर गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून दोन नमस्कार. मग दारूचा एक पेला फोटोपुढं आणि बाकीचे स्वतःच्या पोटात. उन्हाळ्यात तिनं दवाखान्यातून जॉमसुकला फोन केला होता.

"माझ्या वेळी तू वाकायचंस. उभ्या उभ्या मान हलवून गेलीस तर भूत होऊन तुझ्या मानेवर बसेन."

"माझ्या दोन्ही गुडघ्यांत लोखंड आहे गं, मेले."

"मग गंजायच्या आत ये."

डॉक्टरांनी जॉमसुकला जमिनीवर बसायलाच बंदी केली होती. पण शब्द दिलेला. दोनदा खाली जाऊन वर येण्याइतका जीव गुडघ्यांत असेल, एवढ्या भरवशावर ती निघाली.

बसस्टँडवर पिलन्यो भेटली. संघातल्या आता या दोघीच उरलेल्या. दवाखान्यामागच्या अंत्यविधीगृहात एकेका मजल्यावर कितीतरी मयतांच्या खोल्या. "दुसरा मजला, डावीकडं," पिलन्यो म्हणाली. फोनवर तिला तसंच सांगितलं होतं. सांगणाऱ्यानं पुढचा जिना धरला होता. या दोघी मागच्या जिन्यानं चढल्या.

खोलीत शेवंतीच्या ढिगाऱ्यात फोटो होता. सुरकुती एक नाही, केस काळेभोर, ओठ गुलाबी.

"मेल्यावर बरी सुंदर झाली बाई," पिलन्यो म्हणाली. "फोटोवाल्यानं नाकसुद्धा सरळ केलंय."

जॉमसुक खाली गेली. उठली. पुन्हा खाली गेली, आणि मग तिथंच बसून तिनं गळा काढला. तीन धिप्पाड मुलांनी रीतीप्रमाणे तिला उलट नमस्कार केला. ओकबुनला मुलगा एकच, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण रडताना कोण मोजतं?

"मावशी, तुम्ही आईच्या कोण?" थोरल्यानं विचारलं.

"शाळेतली मैत्रीण रे! एका संघात होतो. काय तोंड होतं तिचं! पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची."

थोरल्यानं धाकट्यांकडं पाहिलं. "मावशी, आमच्या आईला जन्मापासून बोलता येत नव्हतं."

पिलन्योनं पिशवीतून चष्मा काढून लावला. "जॉमसुक, ही ओकबुन नाही."

"आत्ता सांगतेस, भवाने?"

मुलं भली होती. आपल्या आईसाठी एवढं रडलेल्या बाईला उपाशी कसं पाठवायचं? लालभडक रस्सा आला, नाकात झिणझिण्या आणणारा आंबवलेला पाकट मासा आला, तांदळाची दारू आली. दोघींनी माना खाली घालून खाल्लं. जेवण फार चांगलं होतं, हे आणखीच लाजिरवाणं.

खरी ओकबुन समोरच्या खोलीत होती. तिचाही फोटो तसाच गुळगुळीत. इथं चर्चची मंडळी रांगेत उभी राहून प्रार्थनेची गाणी म्हणत होती. दारूच्या जागी गोड सरबत होतं. गाणं झाल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "भगिनी ओकबुन मितभाषी होत्या. त्यांनी शब्दानं कुणाला दुखवलं नाही. मद्याला त्या कधी शिवल्या नाहीत."

पिलन्यो जॉमसुकच्या कानाशी लागली. "पुन्हा चुकीच्याच खोलीत आलो का गं?"

सून हेराननं दोघींच्या हातात एकेक पांढरं फूल दिलं. "मावशी, आमच्यात वाकत नाहीत. फूल ठेवा आणि प्रार्थना करा. आईंनी मागच्या महिन्यात बाप्तिस्मा घेतला ना."

मागच्या महिन्यात ओकबुनच्या घशात नळी होती. नाही म्हणायची सोय नसलेला तिच्या आयुष्यातला तो एकच महिना, आणि तो मंडळींनी बरोबर साधला होता.

पुन्हा गाणं सुरू झालं. जॉमसुक फूल धरून उभी राहिली. गुडघ्यांतला होता नव्हता तो जीव परक्या बाईपुढं खर्च झाला होता, आणि इथं न वाकायची परवानगी आयती मिळत होती, तीही थेट देवाकडून. पण ओकबुननं तिला कधी वाईट चेंडू दिला नव्हता. शिव्या रोज दिल्या. चेंडू मात्र दर वेळी हवा तिथं, हवा तेवढ्या उंचीवर.

तिनं फूल पिलन्योच्या हातात कोंबलं आणि खाली गेली.

"मावशी, नको!" हेरान ओरडली. गाणं मधेच तुटलं. जॉमसुकचं कपाळ जमिनीला लागलं. आणि समोर उभा असलेला चियॉल, ओकबुनचा मुलगा, चर्चचा कारभारी, हातात प्रार्थनेचं पुस्तक घेतलेला, आपसूक गुडघ्यांवर आला आणि त्यानं उलट नमस्कार केला. पाहुणा वाकला की घरच्यानं वाकायचं, हे आईनं त्याला कान पिरगळून शिकवलं होतं. पुस्तक बाजूला पडलं. खाली गेलेलं डोकं वर येईना. खांदे मात्र हलत होते. आई गेल्यापासून तो पहिल्यांदा रडत होता.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "मावशी, उठा आता."

"उठता येत असतं तर उठले नसते का, गाढवा? अजून एक बाकी आहे. धर मला."

चियॉलनं तिला काखेत हात घालून उभं केलं आणि पुन्हा अलगद खाली नेलं. पाळकसाहेबांनी मोठ्या मनानं छताकडं पाहिलं.

हेराननं नवऱ्याशी आठवडाभर अबोला धरला; त्या आठवड्यात त्याचं वजन वाढलं. पाळकसाहेबांना सोलच्या मोठ्या चर्चनं बोलावून घेतलं, आणि तिथंही ते मितभाषी बायकांना निरोप देत असतील. चियॉल अजून कारभारी आहे. आईच्या तिथीला मात्र एकटाच कुठंतरी जातो आणि परत आल्यावर तोंडाला दारूचा वास येऊ नये म्हणून लसूण खातो. जॉमसुकच्या उजव्या गुडघ्याचं पुन्हा ऑपरेशन झालं; डॉक्टरांना तिनं न्हाणीघरात घसरले असं सांगितलं. पिलन्यो पाच वर्षांनी झोपेत गेली, आणि जॉमसुकनं तिलाही दोन नमस्कार केले, या वेळी चियॉलला मुद्दाम बरोबर नेऊन.

जॉमसुक अजून आहे. आपल्यासाठी वाकायला संघातलं आता कुणी उरलेलं नाही, तेव्हा मरायची घाई कशाला, असं तिचं म्हणणं आहे.