खाटेच्या कडेचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी आकडा आहे, दोन्ही टोकांना वाकवलेला. त्रिशूरजवळच्या एका लोहाराने मला घडवले. वीस वर्षे मी वेलायुधन यांच्या चहाच्या दुकानात केळ्यांचे घड पेलले. गिऱ्हाइके घडांचे कौतुक करत, माझ्याकडे कोणी बघत नसे.

पुढे वेलायुधन यांना मूत्राशयाचा कॅन्सर झाला. दुकान बंद पडले. मी मागच्या खोलीत गंजत राहिलो, आणि त्यांची खाटही तिथेच आली. त्यांना लघवीसाठी नळी घातली होती, टोकाला पिशवी. पाहुणे आले की ते लाजून पिशवी पांघरुणात पोटावर ओढून घेत. एरवी ती जमिनीवर लोळे. एके दिवशी थंडी वाजून ताप भरला. लघवीत जंतू झाले होते. केमोचा डोस पुढे ढकलावा लागला.

घरी येणाऱ्या नर्स रोझिली त्यांना चेट्टा, म्हणजे दादा, आणि त्यांच्या पत्नीला चेची, म्हणजे ताई, म्हणत. त्या म्हणाल्या, "चेट्टा, पिशवी वर घेतली की लघवी उलटी आत जाते. खाली टाकली की फरशीची घाण लागते."

"मग काय डोक्यावर घेऊन फिरू?"

"डोकं राहू द्या. चेची, घरात एखादा आकडा आहे?"

वेलायुधन यांच्या पत्नीने, कार्त्यायनींनी, मला घासून लख्ख केले. रोझिलींनी मला खाटेच्या कडेला अडकवले. पिशवी कमरेच्या खाली, जमिनीपासून वीतभर वर. नळीला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवायचे, पिशवी रिकामी करताना तिची तोटी भांड्याला टेकू द्यायची नाही, हे त्यांनी करून दाखवले. कार्त्यायनींनी पिशवीला निळे आवरण शिवले.

"मला कधी सदरा शिवला नाहीस," वेलायुधन म्हणाले.

"ती तुमच्यासारखी कुरकुर करत नाही."

ताप पुन्हा आला नाही. डोस मिळाला. रोझिली दर खेपेला विचारत, "नळी अजून लागते का, डॉक्टरांना विचारलंत?" शेवटी वेलायुधन यांनी स्वतःच विचारले, आणि नळी निघाली.

त्या दिवशी ते भिंत धरत न्हाणीघरात गेले. कार्त्यायनी दाराबाहेर थांबल्या. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "झाली गं." कार्त्यायनींनी डोळे पुसले.

उपचार अजून चालू आहेत. मित्रांनो, तुमच्या घरी असे कोणी असेल तर हात धुवा, पिशवी नीट टांगा, आणि नळी कधी काढायची ते विचारत राहा. नळी निघाली त्या दिवशी मी खाटेला रिकामा लटकत होतो. आपली गरज संपल्याचाही आनंद होतो, हे मला तेव्हा कळले.