शिवण संपेपर्यंत

कोटाचं बटण... काळं, चार भोकांचं, एका कडेने इतकं झिजलेलं की आता ते कुठल्याच कोटाला शोभलं नसतं... मशीनच्या खणात रिळांच्या खाली सापडलं, आणि ओवायला घेतलेला दोरा तसाच दातांत धरून ती त्याच्याकडे बघत राहिली. गिटार वाजवायच्या नख्या दुकानात मिळत नव्हत्या असं नव्हे. पण हिचा नवरा म्हणायचा, त्या तारेला ‘बोचतात’. मग हिच्या बटणांच्या डब्यावर धाड. गिऱ्हाइकाच्या कोटाचं शेवटचं बटण कुठे गेलं म्हणून ही घर डोक्यावर घ्यायची, आणि आतल्या खोलीत हा साळसूद चेहऱ्याने तेच बटण दगडावर घासत बसलेला असायचा. चोर कुठला. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले, ते तिने बाहीला पुसले.

समोर भाच्याने ठेवलेला स्पीकर होता. भाचा म्हणजे बहिणीचा मुलगा, रेकॉर्डिंग स्टुडिओतला जुना माणूस, डोक्यावर केस कमी आणि कानावर हेडफोन कायमचे. काका गेल्यापासून त्याने ध्यासच घेतला होता : ज्या ज्या हॉलमध्ये काकांनी गिटारवर ब्लूज संगीत वाजवलं तिथून तिथून जुनी रेकॉर्डिंग मिळवायची आणि एक नीट अल्बम काढायचा. सकाळीच त्याचा फोन येऊन गेला होता.

“मावशी, शेवटच्या कार्यक्रमाचं काय करू? आज सगळं पुढे द्यायचंय.”

“का, काय झालंय त्याला?”

“काका मधेच थांबतात गं. एक ओळ वाजवतात आणि मग... काहीच नाही. लोक खाकरायला लागलेत, ते ऐकू येतं. आधीच्या कार्यक्रमांतही थांबतात, पण थोडंसं, ते खपून जातं. ही शेवटची जागा लांबच लांब आहे. मला वाटतं... विसरले ते.” तो जरा अडखळला. “कापून जोडून टाकतो. कुणाला पत्ताही लागणार नाही.”

“आधी मला ऐकू दे.”

ऐकू दे म्हणाली खरी, पण तेव्हापासून डोक्यात एकच घोळत होतं. विसरला होता का तो? त्या शेवटच्या वर्षी किल्ली कुलपातच राहायची, दूध दोनदा आणलं जायचं... ते काय, कुणाचंही होतं, असं म्हणून तिनेच ते हसण्यावारी नेलं होतं. पण हात विसरले असतील तर? ज्या हातांना सगळं पाठ होतं ते भर सभेत रिकामे झाले असतील, आणि घरी येऊन त्याने ‘बरा झाला कार्यक्रम’ एवढंच म्हणून बूट काढले असतील... मग ते कापलेलंच बरं. कापावंच. लोकांनी का ऐकावं?

तिने आधी एका जुन्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावलं, आणि क्षणभर तिला तो ओळखूच आला नाही. हा आवाज? हा भरलेला, गरम, भिंतीला टेकून उभा राहणारा आवाज याचा? तिने आयुष्यभर ऐकली होती ती याची विजेविना वाजणारी गिटार. खालच्या मजल्यावरच्यांची झोपमोड नको म्हणून नुसत्या तारांची टिकटिक, तीही दाराआडून. हॉलमध्ये ती कधी गेलीच नाही. लग्न नवं असताना तो म्हणाला होता, “तू समोर बसलीस की माझा हात आखडतो.” तो सहज बोलून गेला, हिने मात्र गाठ मारून ठेवली : नाही ना, मग नाहीच येत. आणि इथे स्पीकरमध्ये तो तार वर ओढत होता, ती तार रडायच्या बेतात येऊन रडत नव्हती, लोक शिट्ट्या मारत होते... तिला राग आला. गेलेल्या माणसाचा राग येऊ नये, पण आला. सगळं बाहेरच्यांना वाटून टाकलं याने, आणि घरी टिकटिक.

हात चालू होते. मशीनवर एका गिऱ्हाइकाचा पडदा होता. स्पीकरमधली गिटार एक ओळ बोलली आणि थांबली, आणि हिने मान वर न करता म्हटलं, “हं.”

मशीनवरचा पाय थबकला.

त्या भरलेल्या आवाजाखालची टिकटिक तिच्या ओळखीची होती. हीच ओळ. आतल्या खोलीतून ती यायची आणि मग तो थांबायचा. “सवाल-जबाब असतात याच्यात,” तो सांगायचा, “सवाल टाकला की जबाब येईपर्यंत पुढे जायचं नाही.” आता मशीनवर बसलेल्या बाईने कसला जबाब द्यायचा? शिवण मधे सोडायची नाही, हा तिचा नियम. टाका वाकडा पडतो. ती टोकापर्यंत जायची, दोरा तोडायची, मग म्हणायची, “हं.” तेव्हा कुठे त्याची पुढची ओळ. कॉलर असली तर लगेच, पडदा असला तर... “पडदे आहेत वाटतं आज!” आतून आवाज यायचा. कधी ती न ऐकताच हं म्हणायची. लबाडी त्याला बरोबर कळायची आणि तीच ओळ पुन्हा यायची, जरा ठसक्यात.

तिने शेवटचा कार्यक्रम लावला. ओळ आली. थांबली. कुणीतरी खाकरलं, खुर्ची कुरकुरली. ड्रमवाल्याने सावरून घ्यायला काठी एकदा टेकवली आणि तोही थांबला, म्हणजे त्याला थांबवलं असणार, मानेने, नाहीतर हाताने... की घाबरून थांबला तो? तिने ते मागे नेलं, पुन्हा लावलं, आणि यावेळी शांतता सुरू होताच पडद्याच्या एका टोकापासून शिवण घातली. थांबणं पडद्याएवढं भरतं का, मोजून बघावं म्हणून. पण अर्ध्यावरच लक्षात आलं की हा वेडेपणा आहे. पाय आपलाच, हवा तेवढा लवकर नेता येतो, हवा तेवढा सावकाश. यातून काय कळणार? विसरला असेल. खरंच विसरला असेल. किंवा त्या एवढ्या माणसांत बसून, बटण बोटांत धरून, तो हिचा पडदा संपायची वाट बघत असेल.

टोक आलं. तिने दोरा तोडला.

“हं,” ती म्हणाली, आणि गिटार पुढे बोलली.

बोलणारच होती. रेकॉर्डिंगच ते, ती हं म्हणाली नसती तरी बोलली असती. हे तिला कळत होतं, आणि तरी इतकी वर्षं जपून ठेवलेली ती गाठ हाताला लागेना. आपण हॉलमध्ये कधी गेलोच नाही असं समजत होतो आपण...

फोन वाजू लागला. भाचाच असणार; कापू का, विचारायला. तिने पडद्याची दुसरी बाजू सुईखाली सरकवली आणि मशीन सुरू केलं. मान वर केली नाही. फोन वाजत होता, शिवण लांब होती, आणि तिला मुळीच घाई नव्हती.