पापण्यांच्या वाघाचा पडदा

जरा त्या खुर्च्या मागं घ्या, मी पडदा बोलतोय! नाटकाचा पडदा. माझ्यावर जंगल आहे, जंगलात वाघ आहे आणि वाघाला लांब पापण्या आहेत. हसून घ्या. आमचा सारा झाडीपट्टी मुलूख आधीच हसून बसला आहे.

माझा जन्म पोंभुर्ण्यात, लटारू पेंटरच्या अंगणात झाला. मांजरपाटाचे पट्टे जोडून मला शिवलं त्याच्या बायकोनं, आशाबाईनं. लटारूनं गेरू, नीळ आणि दुकानांच्या पाट्या रंगवून उरलेला पिवळा लावून मला रंगवलं. सगळं जमलं, पण वाघाचे डोळे काही जमेनात. आमच्याकडं वाघांची टंचाई नाही, पण तो समोर बसून थोडाच चित्र काढू देतो! लटारू ब्रश धरून नुसता बसलेला. शेवटी आशाबाई दारात येऊन कडाडली, "जेवाले येता का ताट गाईपुढं ठेवू?"

लटारूनं तिच्याकडं पाहिलं आणि वाघाचे डोळे झरझर कापडावर उतरले. पापण्यांसकट.

"हे माहे डोळे व्हय ना जी?" तिनं विचारलं.

"नाई वो, वाघाचे व्हय," असं म्हणून तो गुपचूप जेवायला गेला. जेवण झाल्यावर माझ्या खालच्या कोपऱ्यात त्यानं लिहिलं : लटारू पेंटर, पोंभुर्णा.

मग दर हिवाळ्यात गावोगावच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, मी नाटकाला उभा राहिलो. माझ्यापुढं लोक रडायचे, माझ्यामागं राजेमहाराजे तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचे. दोरी धनराजच्या हातात. नांदी झाली, शिटी वाजली, की पडदा वर, हा धनराजचा धर्म. एकदा महाराज धोतर नेसत होते, तरी मी वर गेलो. ते नाटक फार गाजलं.

पुढं लटारू वारला. फ्लेक्सचे पडदे आले आणि मी आशाबाईच्या पेटीत उंदरांच्या स्वाधीन झालो. अशात चंद्रपूरहून गुणवंतराव आले. ते एका सांस्कृतिक मंडळाचे अध्यक्ष. त्यांना सभागृहात व्हायोलिन-बासरीवाला मोठा वाद्यवृंद आणायचा होता, भिंतींवर चित्रं मांडायची होती, आणि वादकांच्या मागं मुख्य चित्र म्हणून मी.

"न्या," आशाबाई म्हणाली, "पण माह्या मालकाचं नाव लोकायले दिसलं पायजे."

गुणवंतरावांनी मान हलवली. ती मान सगळ्यांसाठीच हलते.

मला टांगायला धनराज सोबत आला. माझ्या शेजारी सुबक कार्ड लागलं : 'अज्ञात लोककलावंत. वाघाच्या डोळ्यांतील अथांग करुणा पाहा.' करुणा! ताट गाईपुढं ठेवायला निघालेल्या बाईची! आणि अज्ञात कसला? नाव होतं की खाली. पण त्यापुढं वादकांच्या खुर्च्या मांडलेल्या. दुसऱ्या रांगेत नवं लुगडं नेसून बसलेली आशाबाई मान उंचावून उंचावून ते नाव शोधत होती. मला फार वाईट वाटलं. फडफडून सांगावं, तर वारासुद्धा नव्हता.

त्यातच कळलं, की कार्यक्रमानंतर मला फ्रेममध्ये बसवून माझं अनावरण व्हायचं आहे, आणि फ्रेम आली आहे आखूड. मला विचारलं नव्हतं, आशाबाईलाही नव्हतं.

"खालची पट्टी उडवून टाकू, तिथं काही नाहीच," असं म्हणत गुणवंतराव समोसा तोंडात धरून माझ्यामागं आले आणि कैची घेऊन गुडघ्यांवर बसले. कर्र! मी घाबरलो. कापड गेलं तर शिवता येतं, पण लटारूच्या हातचं नाव पुन्हा कोण लिहिणार?

इतक्यात वादक सूर जुळवू लागले. जो तो आपल्याच तंद्रीत. बाजूला बसलेल्या धनराजनं भक्तिभावानं हात जोडले. त्याच्या लेखी नांदी सुरू झाली होती! मग बासरीवाल्यानं एक उंच सूर तपासून पाहिला. शिटी ती शिटी. धनराजनं दोरी ओढली.

मी वर! मागं गुणवंतराव, गुडघ्यांवर, तोंडात समोसा. माझ्यात अडकलेली कैची थोडी वर आली आणि खणकन खाली पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रमच असा आहे.

आशाबाई मात्र उभी राहिली.

"गुणवंतराव, माह्या मालकाचं नाव कापून राह्यले का जी?"

गुणवंतरावांची मान सवयीनं हलली, समोशासकट.

"धनराज, सोड खाली. आन् तुमी बाजेवाले भाऊ, खुर्च्या जराशा सरकवा."

अख्खा वाद्यवृंद खुर्च्या उचलून बाजूला झाला. मी सावकाश खाली आलो. काप 'ल'च्या अलीकडं थांबला होता. पुढच्या रांगेत कुणीतरी मोठ्यानं वाचलं, "लटारू पेंटर, पोंभुर्णा." मग मागच्यांनी वाचलं. आशाबाईनं पदर डोळ्यांना लावला. गुणवंतरावांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा वाघाकडं, आणि ते कार्ड स्वतःच काढून खिशात घातलं.

आता मी घरी आहे. काप आशाबाईनं टाके घालून शिवला. यंदाच्या मंडईत मी पुन्हा उभा राहणार आहे. नाटकाला या. नटीकडं पाहण्याआधी माझ्या कोपऱ्यातलं नाव वाचा, मोठ्यानं वाचा. वाघाला हसायचं तर खुशाल हसा. फक्त त्याआधी मागं वळून बघा, आशाबाई कुठं बसली आहे ते.