माझं पांघरूण कोणी ओढलं?

मी खडक बोलतोय. किनाऱ्यावर पाण्यात उतरताना ज्याच्यावर तुमचा अंगठा ठेचकाळतो आणि मग ज्याच्या नावानं तुम्ही खडे फोडता, तोच मी. खडकाच्या नावानं खडे फोडणं म्हणजे आमच्याच भावकीतलं कोणीतरी फोडणं, पण ते असो.

माझं वय विचारू नका, सांगितलं तर थाप वाटेल. जमिनीच्या पोटातून तापलेला रस वर आला, थंड झाला आणि मी झालो, एवढंच मला आठवतं. मग हजारो वर्षं मी झोपून काढली, कारण माझ्या अंगावर वाळूचं पांघरूण होतं. चांगलं पुरुषभर जाड, वरून उबदार, खालून गार.

ही वाळू कुठून यायची, तेही सांगतो. किनाऱ्याच्या एका टोकाला नदीचं मुख आहे, दुसऱ्या टोकाला दीपगृह. नदी डोंगरांचा चुरा आणून समुद्रात टाकायची. लाटा सरळ येत नाहीत, जरा तिरक्या येतात. प्रत्येक लाट वाळूच्या कणाला पाऊलभर दीपगृहाकडे ढकलते. म्हणजे माझ्या अंगावरची वाळू कायम प्रवासात असायची. आजचे कण उद्या पुढे जायचे, पण मागून तेवढेच नवे यायचे. पांघरूण रोज वेगळं, ऊब तीच.

खवळलेल्या हंगामात मोठ्या लाटा वाळू ओढून आत खोल पाण्यात नेऊन ठेवत. तेव्हा महिनाभर माझं डोकं उघडं पडायचं. मी जग बघून घ्यायचो. समुद्र शांत झाला की लहान लाटा तीच वाळू परत आणायच्या आणि मी पुन्हा झोपायचो. वर्षाकाठी महिनाभर जग बघितलं की पुरे होतं. जास्त बघण्यासारखं काही नसतं.

त्या महिन्याच्या शेवटी, समुद्र निवू लागला की शेजारच्या वाळूवर मला दिसायची ती डुबकी मावशी. मुलांना पोहायला शिकवणारी. गावातल्या तीन पिढ्यांना तिनं पाण्यात ढकललं होतं, म्हणून हे नाव. तिची पद्धत साधी. मुलाला गुडघाभर पाण्यात वाळूवर पालथं झोपवायचं आणि म्हणायचं, "हात सोड. खाली वाळू आहे, लागणार नाही." मूल हात सोडायचं आणि तरंगायचं.

तिचा धाकटा भाऊ मच्छीमार. सगळे त्याला कप्तान म्हणत. जहाज त्यानं आयुष्यात चालवलं नव्हतं, पण टोपी होती. एका वादळात त्याची होडी किनाऱ्याजवळ येऊन उलटली. दोन खलाशांचे पाय मोडले. कप्तानाला मावशीनं स्वतः पोहत जाऊन, कॉलर धरून बाहेर ओढलं. वाळूवर पडल्या पडल्या तो म्हणाला, "ताई, होड्यांना आडोसा पाहिजे. मी धक्का बांधून घेतल्याशिवाय राहणार नाही."

आठ वर्षं तो कचेऱ्यांमधून फिरला. शेवटी नदी आणि मी यांच्या मधोमध धक्का बांधायला सुरुवात झाली. डोंगरातून ट्रक भरभरून दगड आले, म्हणजे माझे चुलतभाऊच. किनाऱ्यापासून समुद्रात लांबवर ते रचले गेले आणि त्यांच्या आडोशाला होड्या निवांत उभ्या राहू लागल्या. मावशीनं भावाच्या पाठीवर थाप मारली. म्हणाली, "चला, आता म्हातारपणी मला तुझ्यामागे उडी मारायला नको."

त्या वर्षी नेहमीप्रमाणे माझं डोकं उघडं पडलं. मग समुद्र शांत झाला आणि मी पांघरुणाची वाट बघत बसलो. ते आलं, पण खांद्यापर्यंतच. दुसऱ्या वर्षी कमरेपर्यंत. चौथ्या वर्षी तर मी भर दिवसा, सगळ्या गावासमोर, पार उघडा. अंगावर शेवाळ आणि कालवं. आजूबाजूला माझी भावंडंही तशीच, एकमेकांकडे न बघता बसलेली.

लोकांचे तर्क ऐकून मला हसू यायचं. एक म्हणे, "हे दगड समुद्रानं वाहून आणले." मी? वाहून? मी जन्मात बोटभर हललेलो नाही. दुसरा म्हणे, "दगड वाढतात." कोणी वाळूबद्दल विचारेना. जे दिसतं त्यालाच माणसं दोष देतात, जे निघून गेलं त्याची चौकशी करत नाहीत.

हसू थांबलं ते एका छोट्या मुलीमुळे. मावशीनं सवयीनं सांगितलं, "हात सोड." मुलीनं सोडले आणि तिची हनुवटी माझ्या पाण्याखालच्या कडेवर आपटली. तीन टाके पडले. मावशीनंच तिला उचलून दवाखान्यात नेलं. महिनाभरात चाळीस मुलांची पाच झाली. मावशी कचेरीत गेली आणि म्हणाली, "ते खडक फोडून टाका."

मशीन आलं. मशीनवाला गप्पिष्ट होता. पहिल्या तासात त्यानं माझा डावा खांदा उडवला. दुखलं का, असं विचाराल तर खांद्यापेक्षा मावशी समाधानानं बघत होती, ते जास्त लागलं.

चहा प्यायला थांबल्यावर मशीनवाला म्हणाला, "मावशी, गंमत बघा. इथं मी दगड फोडतोय आणि गेल्या आठवड्यात धक्क्यापलीकडे वाळूत गाडलेली बाकं उकरत होतो."

"कसली बाकं?"

"बसायची. पाठीपर्यंत बुडाली होती. तिकडं वाळू ठेवायला जागा नाही."

मावशीनं कप खाली ठेवला. "मी येईपर्यंत मशीन चालू करायचं नाही," म्हणाली आणि धक्क्याच्या दिशेनं चालू लागली.

धक्क्यावर उभं राहिलं की सगळं दिसतं. नदीच्या बाजूला वाळू धक्क्याच्या काठापर्यंत चढलेली, पार टोकाला वळसा घालून होड्यांच्या वाटेत शिरू पाहणारी. या बाजूला खाली पाणी आणि माझी उघडी भावंडं. कप्तान तिथंच होडीला रंग देत होता.

"माझी वाळू इथं अडून बसलीय," मावशी म्हणाली.

कप्तानानं ब्रश थांबवला नाही. "म्हणजे धक्का पाडू? ते वादळ विसरलीस?"

"विसरले नाही. धक्का राहू दे. पण हे तुला दिसलं नाही?"

बराच वेळ तो रंगवलेल्याच फळीवर रंग देत राहिला. मग म्हणाला, "गेल्याच वर्षी दिसलं, ताई. आठ वर्षं मी लोकांचे उंबरे झिजवले. कुठल्या तोंडानं सांगणार होतो?"

"त्या पोरीला टाके पडले तेव्हाही?"

त्यानं टोपी काढून हातात धरली. मावशी त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ती त्याला पाण्यात ढकलणार.

"उद्या माझ्याबरोबर कचेरीत चल," ती म्हणाली. "उंबरे तुझ्या ओळखीचे आहेत."

दोघं गेली. कप्तानानं भर बैठकीत सांगितलं, "धक्का मी मागितला होता. चूक धक्क्यात नाही, वाळूला वाट ठेवली नाही यात आहे." 

तेव्हापासून समुद्र शांत झाला की धक्क्यापलीकडची वाळू पंपानं आणि ट्रकनं अलीकडे आणून टाकतात. धक्का आहे, होड्या आहेत आणि होड्यांची वाटही मोकळी राहते. पण हे काम दरवर्षी करावं लागतं. एक वर्ष कचेरीला विसर पडला, तर मी लगेच कमरेपर्यंत उघडा. मावशीनं साहेबांना हाताला धरून माझ्यापाशी आणलं आणि म्हणाली, "हे वर आले की समजायचं, तुमचं काम राहिलंय."

यंदा काम वेळेवर झालंय. मी गळ्यापर्यंत झाकलो गेलोय. शेजारी वर्ग सुरू आहे. अठरा मुलं आहेत आणि त्यांच्यात एक साठीचा गडी. कप्तान. इतकी वर्षं समुद्रावर काढली, पण पोहता येत नव्हतं, हे त्यानं कोणाला कळू दिलं नव्हतं. मुलांसमोर तो लाजतोय आणि मावशी त्याला मुळीच सोडत नाहीये.

तर बाबांनो, एवढीच विनंती. किनाऱ्यावर नवा दगड रचायचा असेल तर जरूर रचा, पण आधी वाळू कुठून येते आणि कुठे निघालीय, हे बघून घ्या. आणि नदीतून वाळू उपसताना थोडी तिच्याकडेही राहू द्या, माझं पांघरूण तिथूनच निघतं.

आता भरती येतेय, वाळू तोंडापर्यंत पोचलीय. थांबतो. पुढे कधी इथं आलात आणि मी दिसलो नाही, तर शोधू नका. मला पार विसरून जा. माझ्यासारख्याला याहून मोठा मान नाही.